संत फ्रान्सिस झेवियर : कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी आटोपली की कोल्हापुरातल्या गाड्या गोव्याकडे वळतात. समुद्र, मासे, आणि परतीच्या वाटेवर ओल्ड गोव्याचं 'ते मोठं चर्च', म्हणजे बॉम जेजू बासिलिका. सोळाव्या शतकातले कॅथलिक धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव तिथे जपून ठेवलं आहे. सोमवारी ऑफिसात चहाबरोबर प्रश्न सुरू होतात. आमच्या मजल्यावर कॅथलिक माणूस मी एकटाच, त्यामुळे सगळे प्रश्न माझ्याच टेबलावर येतात. मी आजरा तालुक्यातला. घरात कोकणी, दाराबाहेर मराठी. तेच ते प्रश्न येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न भाबडे आहेत, काही खोचक. खोचक प्रश्नांना जागा जास्त दिली आहे, कारण त्यांच्यात दम आहे.

झेवियर पोर्तुगीज होते का?

नाही. ते नवारचे. स्पेन आणि फ्रान्स यांच्या मध्ये पिरेनीज डोंगराच्या कुशीत नवार नावाचं छोटं राज्य होतं. तिथल्या झेवियर गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणं बास्क. वडील राजाच्या मंडळाचे प्रमुख, कायद्याचे पंडित. फ्रान्सिस सहा वर्षांचे असताना, १५१२ मध्ये, आरागॉनच्या फर्डिनांडने नवार गिळलं. तीन वर्षांनी वडील गेले आणि १५१६ मध्ये गढीचे बुरूज, तटबंदी पाडून टाकण्याचा हुकूम सुटला. मोठे भाऊ परत राज्य मिळवायला लढत होते. म्हणजे ज्या माणसाला आपण 'साम्राज्याचा माणूस' समजतो, त्याचं बालपण साम्राज्याने पाडलेल्या भिंतींमध्ये गेलं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

पुढे त्यांना पोर्तुगालच्या राजाने पाठवलं, पोर्तुगीज जहाजातून आले, पोर्तुगीज वसाहतीत राहिले. गैरसमज तिथून होतो.

मग धर्मगुरू कसे झाले?

आधी विचार प्राध्यापकीचा होता. १५२५ मध्ये पॅरिसला शिकायला गेले. सेंट बार्ब कॉलेजात राहायची सोय. खोलीत पिएर फाव्र नावाचा शांत मुलगा. झेवियर उंच उडीत पुढे, खर्चिक, घराण्याचा अभिमान असलेले. १५२९ मध्ये त्यांच्यात एक वयस्कर, लंगडणारा विद्यार्थी येऊन राहिला. त्याचं नाव इग्नेशियस लोयोला. हा पूर्वी सैनिक होता आणि १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला होता. झेवियरचे भाऊ त्या लढाईत विरुद्ध बाजूला होते! एका खोलीत राहून या दोघांचं जमायला वेळ लागला. फाव्र लगेच वळले, झेवियर बराच काळ टिंगल करत होते.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर शपथ घेतली. त्यातूनच पुढे येशूसंघ, म्हणजे जेझुइट संस्था उभी राहिली. १५३७ मध्ये व्हेनिसला झेवियर यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५४० मध्ये पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली.

भारतात यायचं त्यांनी ठरवलं होतं का?

अजिबात नाही. यायचे होते दुसरेच. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने हिंदुस्थानसाठी माणसं मागितली. इग्नेशियसनी दोघांची नावं काढली, त्यातले बोबादिया ऐन वेळी तापाने आडवे झाले. झेवियर त्या वेळी सचिवाचं काम बघत होते. त्यांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि मार्च १५४० मध्ये, विचारल्याला एकदोन दिवस होतात तोच, रोम सोडलं. इग्नेशियसची भेट पुन्हा कधी झाली नाही.

७ एप्रिल १५४१ रोजी, म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून जहाज सुटलं. वाटेत मोझांबिकला हवा बदलायची वाट बघत महिनोन्महिने मुक्काम. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोचले. तेरा महिने!

गोव्यात त्यांनी काय केलं?

पोपचे प्रतिनिधी म्हणून पत्र हातात होतं, पण राहायला गेले इस्पितळात. सकाळी रोगी, मग तुरुंगातले कैदी, मग रस्त्यात घंटा वाजवत पोरं गोळा करायची आणि त्यांना प्रार्थना चालीवर शिकवायच्या.

एक गोष्ट मात्र ऐकणाऱ्याला खटकते. 'गोंयचो सायब' म्हणवले जाणारे हे संत गोव्यात फार थोडे राहिले. पहिल्याच वर्षी पावसाळा संपता संपता ते तमिळनाडूच्या किनाऱ्याला निघून गेले. दहा वर्षांच्या मुदतीत गोवा हे त्यांचं येण्याजाण्याचं ठाणं होतं, घर नव्हतं. ते गोव्याचे झाले ते मेल्यावर.

कोल्हापूरला, किंवा आपल्या भागात, आले होते का?

नाही. तेव्हा कोल्हापूर आणि पन्हाळा विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि झेवियर यांचा सगळा प्रवास समुद्राने, किनाऱ्याकिनाऱ्याने. घाट चढून ते देशावर आल्याची नोंद नाही. आजच्या महाराष्ट्रात त्यांची पावलं लागली ती वसईला. १५४८ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो तिथे होते, त्यांना भेटायला झेवियर गेले होते.

त्यांना म्हणे कुठलीही भाषा आपोआप बोलता यायची?

असं सांगतात खरं. त्यांची पत्रं उघडा, भ्रम जातो.

माझं या सगळ्या विषयात एकच म्हणणं आहे, ते इथेच सांगतो: झेवियर कळायला हवे असतील तर शव बाजूला ठेवा आणि पत्रं वाचा. त्यांची शंभराहून अधिक पत्रं शिल्लक आहेत, भाषांतरं उपलब्ध आहेत. त्यात चमत्कार जवळपास नाहीत. आहे ते थकणं, चिडणं, एकटेपण, आणि भाषा येत नसल्याची कुरकुर. तमिळ किनाऱ्यावर त्यांनी दोन्ही भाषा थोड्याफार येणाऱ्या माणसांना बसवून प्रार्थनांचं भाषांतर करून घेतलं, ते घोकून पाठ केलं आणि गावोगाव म्हणून दाखवलं. जपानहून लिहिताना ते म्हणतात की आम्ही इथे पुतळ्यांसारखे बसतो, लोक आमच्याविषयी बोलत असतात आणि आम्हाला काही कळत नाही. भाषांचं वरदान असलेला माणूस असं लिहील का?

आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटाहून मे १५४६ मध्ये लिहिलेल्या पत्रात आणखी एक तपशील आहे. मित्रांच्या पत्रांखालच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या होत्या आणि त्या गळ्यात बांधून ते फिरत असत. मला सगळ्या चमत्कारकथांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

किती लोकांना बाप्तिस्मा दिला? आणि जबरदस्तीने का?

आकडा आधी. जुन्या चरित्रांत लाखांचे आकडे येतात. आधुनिक अभ्यासक साधारण ३०,००० धरतात. १५४४ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांना बाप्तिस्मा दिल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे, आणि बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून यायचे असंही.

आता जबरदस्ती. या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. तुतिकोरीन ते कन्याकुमारी पट्ट्यातले परवर कोळी झेवियर यायच्या आधीच, १५३५ ते १५३७ च्या दरम्यान, ख्रिस्ती झाले होते. मोत्यांच्या धंद्यावरून मुसलमान व्यापाऱ्यांशी त्यांचं हाडवैर पेटलं होतं, त्यांना पोर्तुगीज आरमाराचं संरक्षण हवं होतं, आणि बाप्तिस्मा ही त्या कराराची अट झाली. नंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. झेवियर गेले ते या नावापुरत्या ख्रिस्त्यांना शिकवायला. त्यांच्या हातात तलवार नव्हती. पण मागे समुद्रात पोर्तुगीज जहाजं होती आणि हे कोळ्यांनाही माहीत होतं, झेवियर यांनाही.

मूर्तींविषयी त्यांनी जे लिहिलं ते वाचताना आजही त्रास होतो. बाप्तिस्म्यानंतर देवळांच्या झोपड्या पाडायला आणि मूर्ती फोडायला आपण सांगतो, असं १५४५ च्या पत्रात सरळ आहे, आणि त्यात त्यांना आनंदही वाटतो. ब्राह्मण पुजाऱ्यांबद्दलची भाषाही कडवट. आमच्या प्रवचनांत हा भाग येत नाही. पण पत्रं वाचा म्हणायचं आणि ही पानं झाकायची, असं चालणार नाही.

त्याच पत्रांत दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. तिथला पोर्तुगीज कॅप्टन कोळ्यांना नाडत होता आणि त्यांच्या शत्रूंना घोडे विकत होता. झेवियर यांनी त्याच्याविरुद्ध रागाने पत्रांमागून पत्रं लिहिली. राजालाही लिहिलं की तुमचे अधिकारी इथे लुटीशिवाय काही करत नाहीत. काम होत नाही ते याच लोकांमुळे, असं त्यांचं मत होत गेलं.

गोव्याचं इन्क्विझिशन त्यांनीच आणलं ना?

इन्क्विझिशन म्हणजे धर्माच्या शिकवणीबाहेर वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारी चर्चची न्यायसभा. तिची मागणी त्यांनी केली, हे खरं. १६ मे १५४६ रोजी आंबोनहून राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानात इन्क्विझिशन हवं असं स्पष्ट म्हटलं आहे. रोख होता तो बाप्तिस्मा घेऊनही ज्यू किंवा मुसलमान रीतींनी राहणाऱ्या वसाहतीतल्या लोकांवर.

स्थापना झाली १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्यामुळे न्यायासनावर ते कधी बसले नाहीत, कुणाला शिक्षा दिली नाही. पुढे त्या न्यायसभेने स्थानिक चालीरीतींवर, सणांवर, लग्नातल्या गाण्यांवर, कोकणीवरही बडगा उगारला, कित्येक कुटुंबं गोवा सोडून सीमेबाहेर गेली. १७७४ मध्ये ती बंद झाली, चार वर्षांत परत आली आणि १८१२ मध्ये कायमची संपली. 'त्यांचा काही संबंध नाही' म्हणणारे पत्र लपवतात. 'त्यांनीच लोकांना जाळलं' म्हणणारे तारखा बघत नाहीत.

तिसवाडीतली, म्हणजे ओल्ड गोव्याच्या परिसरातली, देवळं १५४० च्या सुमाराला पाडली गेली, तेव्हा झेवियर युरोपात होते, हेही जोडून सांगतो. हा प्रश्न ऑफिसात दर वर्षी येतो.

जपानला का गेले?

१५४७ मध्ये मलाक्काला (आजच्या मलेशियात) त्यांना आंजिरो नावाचा जपानी भेटला. हातून खून झाल्यामुळे तो देश सोडून पळाला होता. त्याच्या तोंडून जपानचं वर्णन ऐकून झेवियर यांना वाटलं, इथे पोर्तुगीजांचा त्रास नाही, माणसं विचार करणारी आहेत, जावं. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते कागोशिमाला उतरले.

तिथे त्यांची पंचाईत झाली. फाटक्या कपड्यातल्या गरीब साधूला भारतात मान मिळायचा, जपानी दरबारात कुणी दारात उभं करेना. क्योटोपर्यंत हिवाळ्यात चालत गेले, सम्राटाची भेट नाहीच. मग यामागुचीच्या सरदाराकडे दुसऱ्यांदा जाताना रेशमी वस्त्रं घातली, घड्याळ आणि वाद्य भेट नेलं, आणि प्रचाराची परवानगी मिळाली. बौद्ध भिक्षूंशी वाद झाले. लोकांनी विचारलेला एक प्रश्न त्यांना फार लागला: तुमचा देव दयाळू, मग त्याचं नाव न ऐकता मेलेल्या आमच्या वाडवडिलांचं काय? लोक रडायचे, आणि त्यांना बघून आपल्यालाही वाईट वाटायचं, असं त्यांनी लिहिलं आहे. मूर्ती फोडल्याचा आनंद मानणारा माणूस आणि हा माणूस यांच्यात सात वर्षांचं अंतर आहे.

मृत्यू कुठे झाला?

चीनच्या दारात. जपानी लोक ज्ञानासाठी चीनकडे बघतात, तेव्हा आधी चीन, असा त्यांचा हिशेब. मलाक्काच्या पोर्तुगीज कॅप्टनने चीनला निघालेला राजदूताचा ताफाच अडवला. शेवटी ताफ्याशिवायच शांगच्वान बेटावर जाऊन बसले आणि चोरून पलीकडे नेणाऱ्या व्यापाऱ्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. ताप चढला. ३ डिसेंबर १५५२ रोजी झोपडीत प्राण गेला, वय ४६. जवळ अंतोनियो नावाचा चिनी तरुण होता. शेवटच्या तासांचं वर्णन त्याच्याचमुळे आपल्याला मिळतं.

इग्नेशियसनी त्यांना युरोपात परत बोलावणारं पत्र लिहिलं ते २८ जून १५५३ रोजी. माणूस जाऊन जवळजवळ सात महिने झाले होते, रोमला पत्ता नव्हता.

शव इतकी वर्षं टिकलं कसं? मसाले लावले होते का?

मसाल्याची नोंद नाही. उलट पेटीत चुना भरला होता. मांस लवकर झडावं आणि हाडं परत नेता यावीत म्हणून. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर शरीर जसंच्या तसं. मलाक्काला नेऊन पुन्हा पुरलं, पुन्हा काढलं, आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणलं. व्हाइसरॉयच्या वैद्याने तपासून साक्ष दिली. भाविकांना यात देवाचा हात दिसतो. चुन्याने ओल शोषली असेल, असंही म्हणता येतं. मला दोन्ही बाजूंनी भांडायची हौस नाही.

आज मात्र ते 'ताजं' वगैरे नाही. वाळलेलं, आक्रसलेलं, काळवंडलेलं शरीर आहे. 'झोपल्यासारखे दिसतात' ऐकून गेलेला माणूस हिरमुसतो. चर्चही आता अवशेष हाच शब्द वापरतं.

उजवा हात कुठे आहे?

रोमला. येशूसंघाच्या प्रमुखांच्या आज्ञेने १६१४ मध्ये कोपरापासून खालचा हात कापून रोमला पाठवला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. ज्या हाताने बाप्तिस्मे दिले तो हात, हा त्यामागचा भाव. उरलेले तुकडे आणखी ठिकाणी गेले. पायाचं बोट एका पोर्तुगीज बाईने दर्शनाच्या वेळी चावून नेलं अशी गोष्ट तुम्हाला गाइड रंगवून सांगेलच.

ते शव त्यांचं नाहीच, असं मोबाइलवर फिरतंय.

फिरतं. २०२४ मध्ये डीएनए चाचणीची मागणी झाली आणि गोव्यात त्यावरून मोठी निदर्शनं झाली. १५५३ पासून पेटी कुठून कुठे गेली याच्या नोंदी सलग आहेत. एवढं पुरे.

संभाजी महाराज आणि झेवियर यांची काय गोष्ट आहे?

कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली करून विचारतात. खाली करायची गरज नाही, इतिहास उघडा आहे.

१६८३ च्या पावसाळ्यानंतर व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः धावून आले, पोर्तुगीजांना मागे हटावं लागलं. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी गोवा शहराला लागूनच असलेलं जुवे बेट घेतलं. दुसऱ्या दिवशी ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जखमी झाला आणि जेमतेम जीव वाचवून परतला. शहरात हाहाकार. आता मराठे नदी ओलांडणार, एवढंच बाकी होतं.

तेव्हा व्हाइसरॉय बॉम जेजूत गेला, झेवियर यांची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड, राजाची अधिकारपत्रं त्यांच्यापाशी ठेवली. मला जमत नाही, राज्य आता तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. पुढच्या काळात नवा गव्हर्नर सूत्रं घेताना संताच्या पुतळ्याकडून दंड स्वीकारायचा, ती प्रथा याच प्रसंगामागून आली.

शहर वाचलं. पोर्तुगीज म्हणाले, संताने वाचवलं. प्रत्यक्षात औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात येत होता. मागून मोगल आणि पुढे नदी, असं झाल्यावर महाराजांना गोव्याचा नाद सोडावा लागला. मला विचाराल तर त्या दिवशी गोवा वाचवला तो मोगलांनी, आणि झेवियर यांना या भांडणात ओढलं ते व्हाइसरॉयने. ते मरून तेव्हा १३१ वर्षं झाली होती.

संतपद कधी मिळालं? त्यासाठी काय लागतं?

१६१९ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी संत. त्याच दिवशी इग्नेशियस, अविलाच्या तेरेसा, फिलिप नेरी आणि माद्रिदचा शेतकरी इसिदोर यांनाही संतपद मिळालं. पॅरिसच्या एका खोलीतले दोघे एकाच दिवशी! तिसरे फाव्र. त्यांना २०१३ पर्यंत थांबावं लागलं.

चौकशी होते, साक्षी घेतात, चमत्कार तपासतात. झेवियर यांच्या वेळच्या साक्षींमध्ये खेकड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे: मोलुक्काच्या समुद्रात वादळ शमवायला बुडवलेला क्रूस हातातून सुटला, आणि किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून आणून दिला. गोव्याच्या मासळी बाजारात पाठीवर क्रूसाची खूण असलेला खेकडा मिळतो. त्याची आमच्याकडे वेगळी इज्जत आहे. रस्सा मात्र त्याचाही होतो.

कोल्हापुरातले सगळे ख्रिस्ती त्यांना मानतात का?

नाही. कोल्हापुरातला जुना ख्रिस्ती समाज मुख्यतः प्रॉटेस्टंट आहे. १८५२ मध्ये रेव्हरंड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले, वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. प्रॉटेस्टंट परंपरेत संतांकडे प्रार्थना करत नाहीत, मूर्ती, अवशेष काही नाही. कॅथलिक घरं तुलनेने थोडी, आणि आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडे गेलात तर कोकणी बोलणारी. २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्यात आपल्या जिल्ह्याचा काही भाग जोडला आहे.

आणि 'पूजा करता का' म्हणाल तर आराधना फक्त देवाची. संताला सांगायचं ते 'आमच्यासाठी देवाकडे शब्द टाक' एवढंच. फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, गर्दीत ही सीमा प्रत्येकाला आठवते असा माझा दावा नाही.

मराठीशी त्यांचा काही संबंध?

थेट नाही, मराठी त्यांना येत नव्हती. पण त्यांनी घातलेल्या वाटेने मागून आलेल्यांचं काम आपलं आहे. १५५६ मध्ये गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला आणि १५५७ मध्ये झेवियर यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पुस्तिका तिथे छापली गेली, पोर्तुगीजमध्ये. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. त्याचं ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. एम.ए. मराठीला अभ्यासलेल्यांना ते माहीत असतं, इतरांना क्वचित.

जाता जाता: पहिले भारतीय संत आपल्याच मराठी मुलखातले आहेत. वसईचे गोन्सालो गार्सिया. झेवियर यांनी उघडलेल्या जपानमध्ये, नागासाकीला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. त्यांच्याविषयी मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

प्रत्येक गावात सेंट झेवियर्स शाळा कशी?

जेझुइटांचा शिक्षणावर भर, म्हणून त्यांच्या संस्थांना हे नाव. मुंबईचं कॉलेज १८६९ चं. कोल्हापुरातही आहे. शिवाय १९२७ मध्ये झेवियर यांना जगभरच्या मिशनकार्याचे आश्रयदाते घोषित केलं, तेव्हापासून बिनजेझुइट शाळाही हे नाव लावतात. नाव दिसलं म्हणजे शाळा जेझुइटांची, असं समजून प्रवेशाला धावू नका.

दर्शन कधी मिळतं?

साधारण दहा वर्षांनी एकदा पेटी खाली उतरवून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. मागचं अठरावं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं, त्यामुळे पुढचं २०३४ च्या सुमाराला धरा. एरवी पेटी बॉम जेजू बासिलिकात उंचावर असते, आत थोडं दिसतं, बाकी तुमच्या नजरेवर.

पण उंचावर बघाच. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३७ च्या सुमाराला पूर्ण केली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला, शिल्पकार फोजिनी, काम दहा वर्षं चाललं, १६९८ मध्ये गोव्यात बसवला. चर्चचा पाया १५९४ चा, अभिषेक १६०५ चा. जांभ्याचा उघडा लाल दगड दिसतो तो मुळात तसा नव्हता. वरचा गिलावा विसाव्या शतकात काढला आणि आता पावसाने जांभा झिजतो म्हणून काळजी आहे. आपल्याकडे जांभ्याची घरं असणाऱ्यांना कारण लगेच कळेल.

कोल्हापूरहून कसं जावं? फेस्ताला जाऊ का?

आजरा, आंबोली, सावंतवाडी असा घाटरस्ता सरळ. पावसाळ्यात आंबोलीत धुकं असतं, रात्री टाळा. एस.टी. पणजीपर्यंत जाते, तिथून ओल्ड गोवा दहा किलोमीटरच्या आत.

फेस्त ३ डिसेंबरला, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. सावंतवाडी, बेळगावकडून चालत येणारी माणसंही भेटतील. गर्दी, फेरीवाले, खाजं, चणे, सगळी जत्रा. शांतपणे बघायचं असेल तर फेस्ताचे दिवस सोडून सकाळी लवकर जा. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, तेव्हा कॅमेरा घेऊन आत हिंडू नये.

हिंदू माणूस आत गेला तर चालतं का? नारळ, हार न्यायचा का?

चालतं, फेस्ताला येणाऱ्यांत हिंदू भरपूर असतात, नवस बोलणारेही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बीचवरून तसेच आलात तर दारात अडवतील. चप्पल काढायची नसते. नारळ फोडत नाहीत. मेणबत्ती बाहेर मिळते, ती नेमलेल्या जागीच लावायची. मेणाचे हात, पाय, डोळे विकायला दिसतील: ज्या अवयवाचं दुखणं, त्याचा नवस. प्रसाद नसतो. मिस्सेत पांढरी भाकर वाटतात ती प्रसाद समजून रांगेत उभं राहू नका, ती फक्त दीक्षित कॅथलिकांनी घ्यायची असते. बाकावर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही.